सिद्धान्त उद्या सांग

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तंजावूरला, नांजिकोट्टै रस्त्यावरच्या एका घरात फोन वाजला. कॅप्टन श्रीकर आणि त्याच्याबरोबरचे चार जवान यांच्याशी सोमवार दुपारपासून संपर्क नाही, असं पलीकडून सांगण्यात आलं.

फोन श्रीकरच्या वडिलांनी घेतला होता. कर्नल वरुणराव, सैन्यातून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "दुपार म्हणजे नेमकी केव्हा?" एवढंच विचारलं आणि हातातला कॉफीचा टंबलर टेबलावर ठेवला. ठेवताना आवाज झाला नाही. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीने, अलमेलूने, गॅस बंद केला. एरवी ते टंबलर आपटत.

बोलणारा हरिप्रसाद होता. तोही आता कर्नल, ईशान्येकडच्या डोंगरातल्या एका मुख्यालयात. शोधाचं काम त्याच्याकडे होतं. पण वरुणरावांशी बोलताना त्याचा आवाज अजून वर्गातल्या विद्यार्थ्याचा होई, कारण एके काळी तो त्यांचा विद्यार्थी होता.

"सर, थोडक्यात सांगतो. आठवड्यामागे इथे ढगफुटी झाली. वरच्या खोऱ्यात नदीकाठी आमची एक चौकी आहे. पूल गेला, चौकी तुटली, त्यांचा रेडिओ बंद पडला. दोन जखमी आहेत एवढंच शेवटचं कळलं होतं. श्रीकर औषधं आणि नवा रेडिओ घेऊन सोमवारी पहाटे निघाला. दुपारी संगमावरून त्याचा निरोप आला, 'संगमावर आहोत, पुढे निघतो.' मग खरखर. त्यानंतर काही नाही."

"आणि चौकी?"

"चौकीतले सगळे जिवंत आहेत सर. त्यांचा रेडिओ काल संध्याकाळी कसाबसा लागला. पाणी चढायला लागल्यावर त्यांनी चौकी सोडली होती. वरच्या कुरणात गुराख्यांची झोपडी आहे, तिथे आहेत. श्रीकर त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही."

वरुणरावांनी डोळे मिटले. चौकीतली माणसं वरच्या कुरणात गेली असतील, हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. रविवारी याच टेबलाशी बसून, याच फोनवर त्यांनी ते श्रीकरच्या तोंडून ऐकलं होतं.

"संगमापासून दोन वाटा फुटतात," हरिप्रसाद बोलत होता. "एक नदीकाठाने सरळ चौकीकडे. दुसरी डोंगराच्या धारेवरून, लांबची, ती कुरणाजवळ निघते. काठाची वाट दोन ठिकाणी वाहून गेलीय. धारेवर दरड आलीय. ढग इतके खाली आहेत की हेलिकॉप्टर उडत नाही. या हवेत चढू शकतील अशी माणसं माझ्याकडे एकाच तुकडीपुरती उरलीत. एकाच वाटेने पाठवू शकतो. वाट चुकली तर परत संगमावर येऊन दुसरी धरेपर्यंत..." तो थांबला. "सर, तो कुठल्या वाटेने गेला असेल?"

"लेखी योजना काय म्हणते?"

"नदी. पण संगमावरचा अखेरचा निर्णय तुकडीप्रमुखाचा, असंही तिच्यातच आहे. असं एक वाक्य प्रत्येक योजनेत असावं, हे आपणच आम्हाला शिकवलंत."

"मला थोडा वेळ दे."

"अकरापर्यंत देतो सर. त्यानंतर तुकडी निघायलाच हवी."

अलमेलू दारात उभी होती. ती पापनाशमजवळच्या तमिळ घरातली. मराठी ती लग्नानंतर शिकली आणि रागातसुद्धा मराठीतच बोलायची. पण नवऱ्याला हाक मात्र अजून माहेरच्या पद्धतीने घाली.

"एन्नंगो," ती म्हणाली. "मज सांगा. लपवू नका."

वरुणरावांनी सांगितलं, जसं ऐकलं तसं, एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. ती खुर्चीवर बसली. तिच्यासमोर भिंतीवरच्या खुंटीला एक पिवळा दोरा लटकत होता. रविवारी आडीपेरुक्कु होता, नदीच्या वाढत्या पाण्याचा सण. ती तिरुवैयारच्या घाटावर जाऊन कावेरीला हळदकुंकू वाहून आली होती, आणि लेकाच्या मनगटाचा दोरा, तो सुट्टीवर येईल तेव्हा बांधायचा म्हणून, खुंटीला अडकवून ठेवला होता.

*

या घराची जेवणाची एक रीत होती, आणि जे घडलं ते समजायला ती रीत सांगायला हवी.

वरुणरावांचे आजोबा न्यायशास्त्राचे पंडित. त्यांच्या पंगतीत कुठलाही वाद निघाला की आधी पूर्वपक्ष मांडावा लागे. म्हणजे विरुद्ध बाजूचं म्हणणं. तेही मोडकंतोडकं नाही, तर विरोधक स्वतः मांडेल त्याहून नेटकं. मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं म्हणणं. आणि शेवटी सिद्धान्त, एकाच वाक्यात, ज्याच्याशी बोलणाऱ्याने बांधून घ्यायचं. सिद्धान्त झाल्याशिवाय ताकभात वाढत नसत.

ही पंगत वरुणरावांनी सैन्यात नेली. आयुष्याची शेवटची वर्षं ते अधिकाऱ्यांना युद्धयोजनेचा अभ्यास शिकवत. सैन्यात योजना लवकर तयार होते आणि प्रश्न उशिरा कळतो, असं ते म्हणत. म्हणून त्यांच्या वर्गात सुरुवातीचा सगळा वेळ उत्तराला बंदी असे. आत्ता चित्र काय आहे, आपल्याला ते कसं व्हायला हवंय, मध्ये काय अडलंय, आणि यातलं आपल्याला माहीत किती आणि आपण धरून चाललोय किती, एवढंच फळ्यावर आखायचं. मग एकाने उठून त्या आखणीवरच हल्ला चढवायचा. त्याला दुसरं काही काम नाही. उत्तरेकडचे अधिकारी त्यांना पाठीमागे 'लेकिनसाहेब' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

घरी मुलांनाही सुटका नव्हती. अखिला मोठी, श्रीकर धाकटा. अखिला दोन वाक्यांत चिडे आणि स्वतःच्या बाजूवर परत येई. श्रीकर मात्र जातिवंत. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याने कारल्याच्या बाजूने असं काही भाषण ठोकलं की अलमेलू तोंडाला पदर लावून हसली, मग त्याच दमात कारल्याच्या विरुद्ध बोलला, आणि वरुणराव म्हणाले, "दोन्ही बाजू भक्कम. आता सिद्धान्त?" पोरगा ताटाकडे बघून म्हणाला, "सिद्धान्त हा की अप्पा जिंकणार आणि मी कारलं खाणार." ही गोष्ट वरुणराव पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते.

सैन्यात गेल्यावरही श्रीकरचं तेच. आठवड्याच्या फोनवर बापलेक कशावरही भिडत, क्रिकेटवर, कावेरीच्या पाण्यावर, अक्काने पापनाशमच्या बँकेतली नोकरी सोडावी की नाही यावर. वरुणरावांना आठवत नव्हतं की त्या फोनांत मुलाने कधी सरळ काही मागितलं असेल.

रविवारीही तसाच फोन आला, निदान त्यांना तो तसाच वाटला.

दुपार झाली होती. टेबलावर सणाचे चार भात होते, चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा आणि दह्याचा. वरुणरावांना संध्याकाळी एका कॉलेजात छात्रसैनिकांपुढे बोलायचं होतं, आणि त्यांना नेहमी नेणारा रघोजी ऑटो घेऊन दारात येऊन थांबला होता.

"अप्पा, नावं सांगत नाही," श्रीकर म्हणाला. "नुसतं चित्र सांगतो."

"सांग." वरुणरावांनी खरकटं ताट बाजूला सारलं. टंबलर म्हणजे चौकी, त्याच्याखालची वाटी, डवरा, म्हणजे मुख्यालय, मध्ये एक चमचा आडवा ठेवला, ती नदी.

श्रीकरने चित्र सांगितलं आणि म्हणाला, "सगळे एकच विचारतायत, टंबलरपर्यंत लवकर कसं पोचायचं. मी म्हणतो, टंबलरमध्ये कोणी आहे हे कशावरून? दोन जखमी घेऊन, रात्रीचं पाणी चढताना, मी असतो तर काठावर बसलो असतो का? मी वर सरकलो असतो. मग आम्ही काठाने जाणार, धोका पत्करून, आणि पोचणार रिकाम्या चौकीवर. प्रश्न चौकी गाठण्याचा नाहीच, अप्पा. माणसं गाठण्याचा आहे."

वरुणरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यभर जे फळ्यावर खरडलं ते पोरगा न चुकता बोलत होता.

"शाब्बास," ते म्हणाले. "फर्स्ट क्लास. आता पूर्वपक्ष."

श्रीकर हसला. "अप्पा, आज पण?"

"आजच तर. मांड. ज्यांनी नदीची वाट ठरवली ते गाढव नाहीत."

आणि श्रीकरने मांडला. जखमी हलवणं सोपं नसतं, म्हणून ती माणसं चौकीतच असतील. चौकीला दगडी भिंती आहेत, कुरणात नुसतं गवत. धारेने जायचं तर एक दिवस जास्त, आणि रक्त वाहणाऱ्या माणसासाठी दिवस म्हणजे सगळंच. शिवाय त्या मातीत दरडी कुठे सुटतील सांगता येत नाही. नदी निदान दिसते तरी. बोलता बोलता त्याचा आवाज स्थिर होत गेला. संपवताना तो म्हणाला, "च्, हेही खरं आहे."

बाहेर रघोजीने दोनदा हॉर्न वाजवला.

"दोन्ही भक्कम," वरुणराव उठत म्हणाले. "सिद्धान्त उद्या सांग, मला उशीर होतोय. हे घे, अम्माशी बोल."

त्या संध्याकाळी त्यांनी छात्रसैनिकांना मुलाचंच उदाहरण दिलं, नावं गाळून. एक तरुण अधिकारी, टंबलर आणि चमचा. प्रश्नच चुकीचा आखला तर बिनचूक उत्तरही कसं कुचकामी ठरतं, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी पहाटे श्रीकर निघाला. सिद्धान्ताचा फोन आला नाही. डोंगरात रेंज नसेल, असं वरुणरावांनी धरून चाललं.

*

अखिला नऊच्या सुमाराला पापनाशमहून बसने आली. बँकेत जाता जाता आईचा फोन मिळाला, रविवारचं बोलणंही त्यात कळलं, तशीच डब्याची पिशवी खांद्याला. चपला काढून आत आली तर वडील टेबलाशी बसलेले. समोर टंबलर, डवरा, आडवा चमचा. आणि आज चमच्याच्या वरच्या अंगाला कढीपत्त्याची एक काडी, ती डोंगरधार.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"काहीच नाही. तू सांग. तुला काय वाटतं?"

"धार," ती लगेच म्हणाली. "पहिल्यापासून त्याला तेच पटलं होतं. तुम्हाला फोन केला तोच मुळी ते सांगायला. नाहीतर मोहिमेवर निघायच्या आदल्या दिवशी कोण टंबलर-चमचा खेळतं? तो धारेनेच गेला."

वरुणरावांनी मान हलवली. "बरं. आता पूर्व..."

शब्द अर्धाच तोंडाबाहेर पडला.

"अप्पा!" अखिलाचा हात टेबलावर पडला तसा चमचा उडाला. "मी खेळत नाहीये. पुरे झालं हे. आणि तोही खेळत नसेल रविवारी."

अलमेलूने वाकून खाली पडलेला चमचा उचलला, पुसला, पण टेबलावर परत ठेवला नाही.

"मी एक विचारू?" ती नवऱ्याला म्हणाली. "दोन्ही बाजू झाल्या म्हणता. मग तुम्ही त्याला विचारलंत का, कण्णा, बाळा, तुला काय वाटतं?"

"तेच विचारणार होतो. सिद्धान्त म्हणजे तेच."

"सिद्धान्त राहू दे. नुसतं विचारलंत का? बाप विचारतो तसं?"

चाळीस वर्षांच्या संसारात अलमेलूने त्यांच्या पद्धतीला हसून घेतलं होतं, कधी कुरकूर केली होती. असं विचारलं मात्र नव्हतं.

वरुणराव म्हणाले, "तो नदीने गेला असणार. त्याच्या मनात धार होती, ती मी पुसली. त्याच्याच तोंडून त्याला पटवलं. 'हेही खरं आहे' म्हणाला तो. मी ऐकलं. मला वाटलं, पोरगा छान वाद घालतो."

"हे तुम्ही विचार करून म्हणताय," अखिलाने विचारलं, "की स्वतःला शिक्षा म्हणून?"

ते चमकून तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि तू धार म्हणतेस ती मला सोडवायला."

अखिलाने तोंड फिरवलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांच्या वर्गातला एक नियम होता: प्रत्येक गृहीतकाला विचारा, तू खरं असावंस असं कोणाला वाटतं? नदी म्हटलं तर बाप गुन्हेगार ठरत होता, आणि गुन्हेगार ठरण्यात एक खोटं समाधान होतं. धार म्हटलं तर बाप सुटत होता. कुठलंही उत्तर घ्यावं, त्याच्या मुळाशी वरुणराव स्वतःच बसलेले. आणि ज्याच्याबद्दल विचार करायचा तो मुलगा दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने बोलायला शिकलेला. कोणाकडून शिकलेला? त्यांनी फोनवरचं सगळं संभाषण परत परत मनात ऐकलं. कुठल्या वाक्यात श्रीकर होता आणि कुठल्या वाक्यात नुसता शिष्य, हे त्यांना ओळखता येईना. तीस वर्षांत त्यांनी ते ओळखायची गरजच ठेवली नव्हती.

"तुझ्याशी काय बोलला?" त्यांनी अलमेलूला विचारलं. "मी गेल्यावर."

"भात काय काय केले विचारलं. दोरा ठेव म्हणाला. मी म्हटलं, जपून जा, पाण्याजवळ जाऊ नको. तर म्हणाला, 'पार्क्कलाम, अम्मा.'"

पार्क्कलाम, म्हणजे बघू. तंजावूरात हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. हो म्हणायचं असलं तरी तोच, नाही म्हणायचं असलं तरी तोच.

पण वरुणराव ताठ बसले. "परत सांग."

"पार्क्कलाम म्हणाला. एवढंच."

"म्हणजे त्याने ठरवलंच नव्हतं," ते स्वतःशीच म्हणाले. "आपण विचारतोय त्याच्या मनात काय होतं. मनात काहीच पक्कं नसेल तर? मग तो तिथे जाऊन, बघून ठरवणार." त्यांनी टंबलर आणि डवऱ्याच्या मध्ये, जिथे संगम असायला हवा होता तिथे बोट टेकलं. "प्रश्न हा नाही की श्रीकरला काय वाटत होतं. संगमावर त्याला काय दिसलं?"

त्यांनी फोन लावला. हरिप्रसादने पहिल्याच घंटेला उचलला.

"हरि, वाट बदलली तर संगमावरून कळवायचं ठरलं होतं का?"

"हो सर. बदलली तरच."

"त्याने कळवलं नाही."

"निरोप मध्येच तुटला सर. 'पुढे निघतो' याच्यापुढे वाक्य होतं की नव्हतं, सांगता येत नाही. रेडिओवरचा पोरगा म्हणतो, काहीतरी होतं. पण त्याला आता काय काय आठवतंय आणि तो काय काय जोडतोय..."

"बरोबर. त्याच्यावर जाऊ नको. सामान काय नेलं? योजनेपेक्षा वेगळं काही?"

कागद चाळल्याचा आवाज. "दोर. योजनेत एक होता. त्याने रविवारी संध्याकाळी भांडारातून आणखी एक घेतला."

रविवारी संध्याकाळी. फोननंतर. अखिला पुढे सरकली. वरुणरावांनी हाताने तिला थांबवलं.

"दोर दोन्हीकडे लागतो," ते म्हणाले, तिला आणि फोनमध्ये एकदमच. "काठ तुटला असेल तरी, धारेवर दरड असेल तरी. तो दोन्हीची तयारी करून निघाला, एवढंच यातून कळतं. सोमवारी दुपारी संगमावर पाणी कसं होतं?"

"खालच्या पुलावरची नोंद आहे सर. दुपारी पाणी उतरत होतं. संध्याकाळी परत चढलं."

वरुणरावांनी फोन कानापासून थोडा दूर धरला. पाणी उतरत होतं. उतरतं पाणी बघून कोणीही शहाणा अधिकारी जवळची वाट धरील. योजनेत तीच, चढ नाही, औषधांचं ओझं पाठीवर. आणि बापाने, काही का असेना, तिच्याच बाजूने बोलायला लावलेलं. सगळं नदीकडे बोट दाखवत होतं.

"पण," ते म्हणाले, आणि या शब्दावर हरिप्रसाद, एवढ्या अंतरावरून, गप्प झाला. "पण त्याचा मुद्दा पाण्याचा नव्हताच. माणसांचा होता. माणसं रात्रीच्या पाण्याला भिऊन वर गेली. दुपारी थोडं पाणी उतरलं म्हणून दोन जखमी घेऊन ती परत खाली येतील, असं त्याला वाटेल?"

"नाही वाटणार."

"तुला नाही वाटणार. त्याला?"

घड्याळ साडेदहाच्या पुढे गेलं होतं. अलमेलूने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"हरि, माझं म्हणणं तू वापरू नयेस असं माझं मत आहे," वरुणराव म्हणाले. "या प्रश्नात मी बाहेरचा नाही. रविवारी तो माझ्याशी बोलला. धारेची बाजू त्याने आधी मांडली, मग मी सांगितलं म्हणून नदीची. त्याचं स्वतःचं मत मी विचारलं नाही."

हरिप्रसाद म्हणाला, "सर, याहून जास्त माहिती असलेलं दुसरं कोणी नाही. मला एक शब्द लागतो."

वरुणरावांनी बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. कोणी मदत केली नाही, करण्यासारखी नव्हतीच.

"धार," ते म्हणाले. "पण हा सिद्धान्त नाही. अंदाज आहे. आणि अंदाज करणारा त्याचा बाप आहे, हे तुझ्या आदेशात लिही."

"लिहितो सर."

"हरि, बाकीच्या चौघांच्या घरी कळवलंत?"

"कळवलं."

"त्यांना हे सांगितलंत का, की वाट कोणाच्या शब्दावर ठरतेय?"

हरिप्रसाद म्हणाला, "नाही सर. वाट माझ्या सहीने ठरतेय."

*

तुकडी दुपारच्या आत धारेच्या वाटेने निघाली. बुधवारी रात्रीपर्यंत काही कळलं नाही.

गुरुवारी घरात माणसं येऊन गेली. कोणी देवळाचा प्रसाद आणला, कोणी बातमीत काय दाखवतात ते सांगितलं. रघोजी येऊन ओट्यावर बसला. कर्नलसाहेबांना कुठे जायचं असलं तर आपण हवं, म्हणून. कुठे जायचं नव्हतं. कॉलेजातून एका प्राध्यापकाचा फोन आला. रविवारचं व्याख्यान पोरांना फार आवडलं, त्या टंबलरवाल्या अधिकाऱ्याचं पुढे काय झालं असं ती विचारतायत. प्राध्यापकांना घरातलं काही माहीत नव्हतं. वरुणराव म्हणाले, "अजून कळलेलं नाही," आणि फोन ठेवला.

अलमेलूने त्या दिवशी तीन ताटं घेतली. अखिला म्हणाली की सांबारात मीठ कमी आहे. वरुणराव म्हणाले, बरोबर आहे. कोणी कोणाला पूर्वपक्ष विचारला नाही. जेवण संपल्यावर अलमेलूने टेबल पुसायला घेतलं. टंबलर उचलला, डवरा उचलला. सुकलेल्या कढीपत्त्याच्या काडीशी तिचा हात थांबला. तिने काडीच्या भोवतीने फडकं फिरवलं.

अखिला वडिलांच्या शेजारी येऊन बसली. "अप्पा, तुम्ही धार का म्हणालात? खरं सांगा."

"कारण दिलं की मी."

"ते हरिप्रसादना दिलंत."

"नदी म्हणालो असतो तर," ते म्हणाले, "त्याने माझं ऐकलं असं झालं असतं. आणि मला... मला वाटलं, एकदा तरी त्याने माझं ऐकलेलं नसावं."

"हा विचार झाला का?"

"नाही," वरुणराव म्हणाले. "हा विचार नाही."

शुक्रवारी दुपारी हरिप्रसादचा निरोप आला. शोधतुकडी धारेवरच्या दरडीपाशी पोचली आहे. दरडीच्या कडेला एका झाडाला दोर बांधलेला सापडला. दोर सैन्याचा आहे. पण चौकीतली माणसं वर जाताना त्यांच्याजवळही तसाच एक होता, आणि तो कुठे राहिला याबद्दल त्यांचं एकमत नाही. भांडारातले दोर सगळे एकाच रंगाचे. झाडाला मारलेली गाठ शाबूत आहे. दोर खाली, नदीच्या बाजूला गेला आहे. ओढून पाहिला, त्यावर वजन नाही. खालचं टोक दिसत नाही, कारण तीन वाजल्यापासून दरीत धुकं आहे. हाका मारल्या. पाण्याचा आवाज मोठा आहे.

धुकं निवळलं की एक माणूस त्या दोराने खाली सोडणार आहेत.